प्रवासापूर्वीची गाडी

दूरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी माणसे पुष्कळ तयारी करतात. शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवतात, दूधवाल्याला सुट्टी सांगतात, दशम्या आणि लोणच्याची बरणी बांधून घेतात, निघताना देवापुढे नारळ ठेवतात. सगळ्यांचा भार मात्र ज्या यंत्राने वाहावयाचा असतो, त्याच्या वाट्याला बहुधा एक बादलीभर पाणी आणि एक ओले फडके एवढेच येते. गाडी धुतली की ती तयार झाली, असा एक समज घरोघर रूढ आहे. नव्या गाडीच्या बाबतीत तो फारसा नडत नाही, कारण तिच्यातील दोष दाखविण्यासाठी आत दिवे आणि सूचक बसविलेले असतात. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी फियाट ज्या घराच्या पोर्चमध्ये उभी आहे, त्या घराला हा समज परवडत नाही. ती गाडी आपले दुखणे दिव्याने सांगत नाही. ती वासाने सांगते, आवाजाने सांगते, जमिनीवर पडलेल्या थेंबाने सांगते. ते ऐकणारा आणि पाहणारा कोणी असावा लागतो.

रायपूर शहराच्या पश्चिम अंगाला, जी. ई. रोडला लागून असलेली समता कॉलनी ही अशा घरांची वस्ती आहे. शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे आणि या भागात मराठी घरे पहिल्यापासून आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, तेव्हापासून नागपूर आणि रायपूर यांच्यामधील वाट मराठी माणसाच्या पायाखालची झाली. पुढे १९५६ पर्यंत ज्या प्रांतात रायपूर होते, त्याची राजधानीही नागपूरच होती. मग राजधानी भोपाळला गेली, २००० साली छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी बनले. परंतु लग्नकार्य, कुलदेवता, माहेर आणि आजोळ या गोष्टी सरहद्दी पाहून बदलत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत येथील मराठी कुटुंब पश्चिमेकडे निघते. कुम्हारीजवळ खारून ओलांडून भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, पुढे वाघनदीवर महाराष्ट्राची हद्द, मग देवरी, साकोली, लाखनी, भंडारा आणि वैनगंगा ओलांडून नागपूर. हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर भरते. कोणाला त्याच्याही पलीकडे शिर्डी, नाशिक किंवा पुणे गाठावयाचे असते. आजोबांनी घेतलेल्या गाडीनेच जावे अशी हौस घरात कोणाला तरी असते, आणि त्या हौसेपोटी जुन्या गाडीची झाकणे उघडली जातात.

या गाडीचे कूळ सांगण्यासारखे आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९५० च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही छोटी गाडी बाहेर पडू लागली. १९६४ मध्ये तिचे नवे रूप आले, आणि १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे भारतीय नाव मिळाले. नवे शतक उजाडता उजाडता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत टिकली आणि वयोमर्यादेच्या नियमामुळे तेथूनही निवृत्त झाली. आता जी उरली आहे ती घरगुती मालकांच्या मायेवर. यंत्र म्हणून ती साधी आहे. चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन पुढे, त्याची शक्ती लांब दांड्याने मागच्या चाकांकडे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. या साधेपणामुळेच काही पाने, एक जॅक, एक फीलर गेज आणि पुष्कळसा धीर एवढ्या भांडवलावर घरच्या घरी तिची सेवा करता येते.

या सेवेचा पहिला नियम हत्यारांविषयी नाही, तो दिवसांविषयी आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री गाडी उघडू नये. निदान पंधरा दिवस आधी काम हाती घ्यावे. याचे कारण असे की, जुना भाग जीर्ण असला तरी परीक्षेला उतरलेला असतो. नवा भाग स्वच्छ असला तरी त्याची परीक्षा व्हावयाची असते. नवा कंडेन्सर पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये दगा देऊ शकतो, नवे गास्केट एकदा तापून निवल्यावर झिरपू शकते, नव्याने आवळलेला नट पुन्हा एकदा आवळावा लागतो. हे जे काय घडावयाचे ते दुर्गच्या अलीकडे घडावे, साकोलीच्या जंगलात घडू नये, यासाठी मधले दिवस हवेत. शिवाय एखादा भाग गावात मिळाला नाही तर तो नागपूरहून, किंवा ही गाडी जेथे जन्मली त्या कुर्ल्याच्या बाजारातून मागवावा लागतो. त्यालाही अवधी लागतोच.

दुसरा नियम जिवाचा आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका क्षणासाठीही, शिरू नये. खाली विटांचा थर रचणे ही तर आत्मघाताचीच तयारी होय, कारण वीट भार सोसते तोवर सोसते आणि मग सूचना न देता फुटते. लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे वापरावेत, जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्हीकडून अडसर लावावा, मगच खाली जावे. विजेच्या तारांना हात लावण्यापूर्वी बॅटरीची जमिनीकडची, म्हणजे अर्थची, तार सोडवावी. पेट्रोलची नळी उघडी असताना आसपास बिडी, उदबत्ती किंवा स्वयंपाकघराची पेटती शेगडी असू नये. हे सांगणे नीरस वाटले तरी घरगुती दुरुस्तीत जे अपघात होतात ते यंत्राच्या गुंतागुंतीमुळे क्वचितच होतात. ते अशा साध्या गोष्टींच्या उपेक्षेमुळे होतात.

मग आरंभ तेलापासून करावा. इंजिन थोडे चालवून कोमट करावे, म्हणजे तेल पातळ होते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन निघते. हे निघालेले तेल लगेच फेकून न देता पाहावे, कारण वैद्याने नाडी पाहावी तसे ते पाहण्याजोगे असते. काळे तेल ही काळजीची गोष्ट नाही. त्याने आपले काम केले एवढाच त्याचा अर्थ. परंतु ते दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळते आहे, आणि बोटावर चोळल्यावर त्यात धातूची चमक दिसली तर आतले बेअरिंग झिजत आहे. या दोन खुणांपैकी एकही आढळली तर पुढचे सारे काम थांबवून गाडी जाणत्या मिस्त्रीकडे न्यावी. आढळली नाही तर फिल्टर बदलून नवे तेल भरावे. जुने तेल गटारात ओतू नये. ते डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे, कारण तेथून ते पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे जाते.

त्यानंतरचा विषय पाण्याचा, आणि छत्तीसगडच्या उन्हाळ्यात तो फार महत्त्वाचा. रायपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. या गाडीच्या इंजिनाचा धड बिडाचा, पण त्याचे डोके, म्हणजे सिलिंडर हेड, ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम हलके असते, उष्णता लवकर बाहेर टाकते, पण मर्यादेबाहेर तापले की वाकते. एकदा हेड वाकले की गास्केट सील धरीत नाही, पाणी तेलात आणि तेल पाण्यात जाऊ लागते, आणि एका तापण्याचा खर्च सबंध प्रवासाच्या खर्चाहून अधिक होतो. म्हणून रेडिएटरमधील गंजाचे पाणी काढून टाकावे, आतून स्वच्छ पाण्याचा प्रवाह सोडावा आणि मग शुद्ध पाणी व कूलंट भरावे. रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. दाबताना जी करकरते ती वाळली आहे, जी लिबलिबते ती कुजली आहे, दोन्ही बदलाव्यात. फॅनबेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबला असता साधारण एक ते दीड सेंटिमीटर लवावा. याहून सैल असला तर तो घसरतो, आणि पंखा व पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात. याहून ताठ असला तर पंपाचे बेअरिंग खातो. पंपाच्या खालच्या बाजूस पाण्याचा वाळलेला ओघळ दिसला तर पंपाचे आयुष्य संपत आले असे समजावे. आणि गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही घाईत उघडू नये. आतली वाफ हात-तोंड भाजून काढते.

गाडी तापण्याचे कारण दर वेळी पाण्यातच असते असे नाही. पुष्कळदा ते ठिणगीत असते. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पुरविण्यासाठी डिस्ट्रिब्यूटर आहे, आणि त्याच्या आत ज्यांना सगळे ‘पॉइंट’ म्हणतात ते दोन बारीक संपर्कबिंदू आहेत. ते उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. पॉइंटची एक टाच फिरत्या दांड्यावर घासत असते. ती झिजली की दोन बिंदूंमधील फट कमी होते, फट कमी झाली की ते उशिरा उघडतात, उशिरा उघडले की ठिणगी उशिरा पडते, आणि उशिराच्या ठिणगीने पेट्रोलची जी शक्ती पिस्टन ढकलण्यात जावयाची ती उष्णतेच्या रूपाने इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये मुरते. गाडी चढावर दमते, पेट्रोल अधिक खाते आणि तापते. मालक रेडिएटर धुऊन धुऊन थकतो आणि दोष मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांत दडलेला असतो. म्हणून पॉइंटचे तोंड काळवंडले किंवा खड्डे पडले असतील तर नवे बसवावेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेली फट फीलर गेजने मोजून लावावी, दांड्याच्या उंचवट्यावर ग्रीसचा मुगाएवढा कण द्यावा आणि शेवटी ठिणगीची वेळ तपासावी. प्लगच्या तारा सोडविताना एका वेळी एकच सोडवावी. या इंजिनात ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. चारही तारा एकदम काढल्या की तो क्रम विसरावयास वेळ लागत नाही.

काढलेले चार प्लग ओळीने फडक्यावर मांडले म्हणजे चार सिलिंडरांचा जबाबच पुढे येतो. टोकाचा रंग विटकरी-तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जाते आहे. पांढुरके टोक पेट्रोल कमी पडत असल्याचे किंवा अति उष्णतेचे लक्षण. आणि ओली, तेलकट काळी झाक असेल तर त्या सिलिंडरात इंजिनचे तेल चढते आहे. टॅपेटची फट याच वेळी, पुस्तिकेत सांगितलेल्या इंजिनाच्या अवस्थेत, तपासावी. टॅपेट वाजले की लोक घाबरतात. वास्तविक किंचित वाजणारा टॅपेट केवळ कानाला त्रास देतो, तर फाजील आवळलेला, मुका टॅपेट व्हॉल्व्हला पुरता बसू देत नाही आणि तो जाळून टाकतो.

पेट्रोलचा मार्ग ही आजच्या काळात निराळ्या सावधगिरीची जागा झाली आहे. ही गाडी ज्या पेट्रोलसाठी घडविली गेली ते आता पंपावर मिळत नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशातून २००० साली हद्दपार झाले, आणि आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आहे. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. नळ्या फुगतात, मऊ होतात, चिरतात. पेट्रोल-पंपातला पडदा कडक होतो. त्यातही इथेनॉल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला मळ सैल करते आणि तो कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये आणून अडकवितो. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या जातीच्या घालाव्यात, पंपाचा पडदा बदलावा आणि मध्ये एक छोटा फिल्टर बसवावा. कार्ब्युरेटर खोलून जेट वाऱ्याने फुंकावेत, त्यात तार घालू नये. तारेने छिद्र मोठे होते आणि मोठे झालेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही. गाडी फार काळ उभी राहणार असेल तर हे पेट्रोल टाकीत महिनोन्महिने साठवून ठेवू नये, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेते.

याच मार्गावर जुन्या फियाटचा एक प्रसिद्ध उन्हाळी आजार बसलेला असतो. भर दुपारी चहासाठी गाडी थांबविली, पंधरा मिनिटांनी सुरू करावयास गेले, तर ती सुरू होत नाही. बॅटरी ठीक, ठिणगी ठीक, टाकीत पेट्रोलही असते. झालेले एवढेच असते की, तापलेल्या इंजिनाजवळच्या नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ झाली आणि पंपाला द्रवाऐवजी वाफ ओढावी लागली. ती त्याला ओढता येत नाही. यावर जुन्या चालकांचा उपाय आजही तोच आहे. बोनेट उघडावे, पंपावर ओले फडके ठेवावे आणि दहा मिनिटे सावलीत बसावे. हा आजार ज्याला ठाऊक आहे तो शांतपणे चहाचा दुसरा कप मागवितो. ज्याला ठाऊक नाही तो स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवितो आणि एका क्षुल्लक अडचणीची मोठी आपत्ती करतो.

आतापर्यंतचे सारे दोष गाडीला थांबविणारे आहेत. थांबलेली गाडी मनस्ताप देते, पण जीव घेत नाही. जीव घेते ती न थांबणारी गाडी. म्हणून घरगुती सेवेत सर्वांत अधिक वेळ ब्रेकला द्यावा. जुन्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर आणि एकाच तेलाच्या मार्गावर चालतात. आजच्या गाडीत हा मार्ग दुहेरी असतो; एक फुटला तरी दुसरा निम्मे काम करतो. जुन्या गाडीत एका चाकाची रबरी नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो, आणि तो चालकाला पेडल तळाशी गेल्यावर कळतो. यासाठी प्रत्येक ड्रम उघडून आत पाहावे. लायनिंग किती उरले, ते तेलाने ओले झाले आहे काय, चाकाच्या सिलिंडरचे रबरी टोपण उचलले असता आत ओल आहे काय, हे तपासावे. ड्रममधील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसात एकदा गेले की बाहेर येत नाहीत. ओल्या फडक्याने ती पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ओलावा शोषलेले तेल वारंवार ब्रेक दाबल्याने तापले की त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुड्यांवर दाब दिला तर ते दबतात, ब्रेक लागत नाही. म्हणून दोन वर्षांहून जुने तेल सबंध बदलावे. हे काम एकट्याने होत नाही. एकाने पेडलवर पाय ठेवावयाचा, दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल उघडावयाचे. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ असा त्या दोघांचा संवाद. आरंभ मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या, चाकापासून करावा आणि जवळच्या चाकाकडे यावे. पोर्चमध्ये वडील चाकापाशी आणि मुलगी पेडलवर, अशी ही जोडी पुष्कळ घरांत जमते. त्या मुलीला त्या तासाभरात ब्रेक म्हणजे काय हे जेवढे कळते तेवढे कोणत्याही पुस्तकातून कळत नाही. शेवटची परीक्षा अशी की, पेडल जोराने दाबून मिनिटभर तसेच धरावे. ते दगडासारखे एका जागी राहिले पाहिजे. ते हळूहळू, अगदी केसाकेसाने का होईना, खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडर आतून तेल सोडतो आहे. अशा गाडीने प्रवासाला निघू नये.

येथे घरगुती सेवेतील खरी कसोटी लागते, आणि ती पान्याची नसून मनाची असते. तिकडे लग्नाची तिथी ठरलेली असते, आजींना नातवंडे पाहावयाची असतात, ‘आजवर काही झाले नाही, मग आताच काय होणार’ असे कोणी तरी म्हणते. दोष दिसलेला असतो तो फक्त गाडीखाली वाकलेल्या माणसाला. गॅरेजमध्ये मालक मिस्त्रीवर विसंबतो, मिस्त्री बिलावर विसंबतो. घरी मात्र तपासणाराही तोच, प्रमाणपत्र देणाराही तोच आणि त्या गाडीत आपली मुले बसविणाराही तोच. त्यामुळे स्वतःला फसविण्याचा मोह येथे सर्वांत मोठा असतो. असा दोष आढळल्यावर रेल्वेची तिकिटे काढणारा गृहस्थ हा हौशी कारागिरांत सर्वांत श्रेष्ठ समजावा. हावड्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग रायपुरातूनच जातो. गाडी पोर्चमध्ये राहिली म्हणून लग्न राहत नाही.

टायरच्या बाबतीतही मनाचा असाच खेळ चालतो. जुनी गाडी वर्षाकाठी फार थोडी चालते, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. परंतु रबर चालण्याने झिजते तसे वयानेही मरते. टायरच्या कडेवर चार आकडे उठविलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१५’ याचा अर्थ २०१५ सालचा तेविसावा आठवडा. असे दहा वर्षांचे टायर नक्षी भरपूर असूनही दूरच्या प्रवासाच्या लायकीचे नसते. सहा वर्षांपुढच्या टायरकडे संशयाने पाहावे आणि कडेला बारीक भेगा दिसल्या तर ते बदलावेच. डिकीतल्या पाचव्या चाकालाही हाच नियम लागू आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना, भरावी.

नागपूरच्या पुढे जाणाऱ्यांना आता समृद्धी महामार्ग मिळाला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता पुरा झाला. तो ताशी १५० किलोमीटरच्या वेगासाठी बांधला आहे. फियाट तशी बांधलेली नाही. काँक्रीटचा तापलेला रस्ता, थांबे दूरदूर आणि न बदलणारा वेग यांत टायर आणि इंजिन या दोघांनाही उसंत मिळत नाही. डावीकडची बाजू धरून साठ-सत्तरच्या वेगाने जावे, आणि दर तासा-दीड तासाने अधिकृत थांब्यावर उतरून गाडीला व माणसांना विसावा द्यावा. जुन्या गाडीत आजच्यासारखे संरक्षणाचे उपाय नाहीत. तिचे संरक्षण तिच्या वेगातच आहे.

काम संपले की गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्राचे मोठे कागद अंथरून ठेवावेत. सकाळी कागद सगळे सांगतो. इंजिनाखाली तपकिरी डाग म्हणजे तेल, पुढे हिरवट किंवा पाणीदार डाग म्हणजे रेडिएटर, मागच्या आसाखाली दाट, उग्र वासाचा डाग म्हणजे डिफरन्शियल, आणि चाकाच्या आतल्या अंगाला पातळ ओघळ म्हणजे ब्रेक. कागद कोरा निघाला तर गाडी राजनांदगावपर्यंत नेऊन परत आणावी. परतल्यावर चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन चारही चाकांची ऊब ताडून पाहावी. एखादे चाक इतरांहून बरेच गरम लागले तर त्याचा ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग आवळले गेले आहे. चाकांचे नट पुन्हा एकदा आवळावेत, तेल-पाण्याची पातळी पुन्हा पाहावी. मगच गाडी तयार झाली असे म्हणावे.

डिकीत सामान भरण्यापूर्वी एक छोटी पेटी भरावी. एक फॅनबेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सरचा एक संच, दोन प्लग, रेडिएटरच्या वरच्या व खालच्या नळ्या, थोडे फ्यूज आणि बल्ब, तार, पक्कड, पाने, टॉर्च, पाच लिटर पाणी आणि रस्त्यावर ठेवावयाचा चमकणारा त्रिकोण. यांतल्या बहुतेक वस्तू खर्चाने शेकड्यांत मोजण्याजोग्या आहेत, पण देवरी आणि साकोलीच्या मध्ये, जेथे दोन्ही बाजूंना जंगल आहे, तेथे त्यांची किंमत पैशांत होत नाही. कागदपत्रांचीही एक सर्व्हिसिंग असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्याच्या जोडीला विमा, प्रदूषणाचा दाखला आणि २०२१ पासून टोलनाक्यावर अनिवार्य झालेला फास्टॅग. साठच्या दशकातील काचेवर ती छोटी पट्टी चिकटविताना विचित्र वाटते खरे, पण तीही आजच्या रस्त्याची रीत आहे.

घरच्या घरी सर्व काही करता येते असा याचा अर्थ नव्हे. हेड उतरविणे, मास्टर सिलिंडर आतून दुरुस्त करणे, स्टिअरिंगचे सांधे आणि पुढच्या चाकांचे किंगपिन बदलणे ही कामे अनुभवी हातांचीच आहेत, आणि असे हात दिवसेंदिवस थोडे होत आहेत. ज्यांना स्टार्टरच्या आवाजावरून दोष कळे असे मिस्त्री आता म्हातारे झाले. त्यांच्या मुलांनी संगणकाला जोडून गाड्या तपासण्याचे नवे शिक्षण घेतले, ते योग्यच आहे. पण त्यामुळे जुन्या यंत्राचे ज्ञान आता पोथीत नाही, शाळेत नाही. ते पोर्चमध्ये, रविवारच्या सकाळी, एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती जाते. फीलर गेजचे पाते पॉइंटच्या फटीतून ओढताना जो अगदी हलका अडसर बोटाला जाणवावा लागतो, तो शब्दांनी सांगता येत नाही. तो एकदा मोठ्या माणसाच्या हाताखाली अनुभवावा लागतो.

छोट्या जुन्या गाडीची निगा ही म्हणून केवळ काटकसर नाही आणि केवळ जुन्याची हौसही नाही. ज्या वस्तूवर विसंबावयाचे ती जाणून घेण्याची ती एक रीत आहे. आजच्या बहुतेक वस्तू माणूस वापरतो आणि त्यांच्या पोटात काय आहे हे त्याला ठाऊक नसते. बिघडली की बदलतो. जी गाडी त्याने स्वतः उघडून, पुसून, मोजून, आवळून बंद केली, तिच्यात बसताना त्याच्या मनात आंधळा विश्वास नसतो आणि आंधळी भीतीही नसते. तिचे बळ कोठे आहे आणि तिची मर्यादा कोठे आहे, हे दोन्ही त्याला ठाऊक असते. पहाटे खारूनचा पूल ओलांडून अशी गाडी पश्चिमेकडे लागली म्हणजे इंजिनाचा एकसुरी आवाज तिच्या चालकाला नुसता आवाज वाटत नाही; त्यात प्रत्येक भाग आपापल्या जागी काम करीत असल्याची खबर त्याला मिळत असते. आणि तो आवाज बदलला, तर इतर कोणाला कळण्याआधी त्याला कळते, आणि तो वेळीच गाडी कडेला घेतो. पंधरा दिवसांच्या साऱ्या श्रमाचे फळ ते हेच.